कोठीपासून काळ्या घोड्यापर्यंत

दांडिया बाजारातल्या आमच्या घरापासून बडोद्याचे स्टेशन फार तर तीन किलोमीटरांवर असेल. रावपुऱ्यातून कोठीच्या चौकात यायचे, पुढे विश्वामित्रीवरचा पूल ओलांडायचा, पूल संपला की काळा घोडा, म्हणजे महाराज सयाजीरावांचा अश्वारूढ पुतळा, त्याच्याजवळ कमाटी बागेचे फाटक आणि मग सयाजीगंजातून सरळ स्टेशन. शाळेच्या सहलीसाठी, पाहुण्यांना गाडीत बसवून देण्यासाठी आणि पुढे सतरा वर्षे नोकरीसाठी मी हा रस्ता तुडवला आहे. तरीही २०२२ च्या फेब्रुवारीपासून २०२३ च्या नोव्हेंबरपर्यंत, म्हणजे तब्बल पावणेदोन वर्षे, मला हा पूल एकदाही ओलांडता आला नाही.

फेब्रुवारीतल्या त्या सकाळी मी ॲक्टिव्हावरून अलकापुरीतल्या कार्यालयात निघाले होते. एका पतसंस्थेत मी लेखापाल होते, मार्चअखेरची धावपळ अजून सुरू व्हायची होती आणि दिवस इतर दिवसांसारखाच होता. पुलाच्या मध्यावर वाहनांची रांग थांबली आणि माझ्या छातीत एकाएकी धडधडू लागले. बोटांना आणि ओठांना मुंग्या आल्या, घशाला कोरड पडली, कितीही घेतला तरी श्वास पुरेना आणि आपण आत्ता इथेच मरणार, याबद्दल मनात तिळमात्र शंका उरली नाही. मागून येणाऱ्या एका रिक्षावाल्याने माझी गाडी कडेला लावली, पाणी दिले आणि "बेन, गभराशो नहि" असे पुन्हा पुन्हा म्हणत मला घरी आणून सोडले. त्या माणसाला मी नंतर कधी पाहिले नाही, पण त्याचा तो आवाज अजून कानात आहे. दुपारी ईसीजी काढला, तो स्वच्छ निघाला. हृदयाला काही झालेले नाही, ताण घेऊ नका, असे मला सांगण्यात आले.

ताण घेऊ नका, हे सांगणाऱ्यांचा हेतू चांगलाच असतो. पण मी काही तो दुकानातून विकत घेतला नव्हता की परत करून यावा. पुढच्या आठवड्यात मी पुन्हा निघाले, कोठीच्या चौकात आले, समोर पुलाचा चढ दिसला आणि हातापायांतले बळ गेले. मी गाडी वळवली. वळवताक्षणी जीव इतका हलका झाला की देवच पावला असे वाटले. त्यानंतर दर वेळी मी कोठीवरून वळत गेले आणि दर वेळी तसेच हायसे वाटत गेले. आधी रजा टाकली, मग बिनपगारी रजा, आणि जूनमध्ये राजीनामा. पावसाळ्यात रावपुऱ्याची गर्दी सोसेनाशी झाली. गणपतीत मंडळांचे ढोल ऐकून मी खिडक्या लावून घेतल्या. त्या वर्षीच्या दिवाळीत माझे बडोदे आमच्या जिन्यापासून कोपऱ्यावरच्या पिठाच्या गिरणीपर्यंत उरले होते.

या सगळ्या काळात घरात एक वाक्य रोज बोलले जाई. बरे वाटले की पुन्हा नोकरी बघेन, बरे वाटले की लेकीला भेटायला सुरतेला जाऊ, बरे वाटले की सगळे होईल. सासूबाई म्हणत, यजमान म्हणत आणि सर्वांत जास्त वेळा मीच म्हणे. त्यात कोणाचे काही चुकत होते असे नाही, कारण ताप उतरला की माणूस कामाला लागतो, हाच आपल्या सगळ्यांचा अनुभव असतो. चिंतेचा आजार मात्र असा नसतो, आणि हे कळायला मला एक वर्ष लागले.

२०२३ च्या जानेवारीत मी मानसोपचारतज्ज्ञांकडे गेले. जाताना लाज वाटत होती, हे लपवण्यात अर्थ नाही, कारण तीच लाज माझ्यासारख्या कित्येकांना दारापासून परत फिरवते. त्या डॉक्टरबाईंनी पहिल्याच भेटीत कागदावर आकृती काढून मला माझ्या शरीराचे काम समजावून दिले. धोक्याची सूचना मिळाली की रक्तात ॲड्रेनलिन उतरते, हृदय जोरात चालते, श्वास भराभर होतो. पळायचे असेल तर ही सारी तयारी उपयोगाची असते. पण माणूस जागच्या जागी उभा राहून भराभर श्वास घेत राहिला, तर रक्तातला कार्बन डायऑक्साइड कमी होतो आणि त्यामुळेच बोटांना, ओठांना मुंग्या येतात, डोके हलके होते. ही लाट सहसा दहाएक मिनिटांत शिगेला पोहोचते आणि मग आपोआप ओसरू लागते. पुलावर मला जे मरण वाटले, ते शरीराने धोका नसताना केलेली पळण्याची तयारी होती.

त्यानंतर त्या जे बोलल्या, त्याने मला खरा धक्का बसला. कोठीवरून वळल्यावर जे हायसे वाटते ना, त्या म्हणाल्या, तेच तुमच्या आजाराचे खाद्य आहे. तुम्ही वळता, लाट ओसरते, आणि मेंदू असा हिशेब मांडतो की पूल खरोखरच घातक होता व वळल्यामुळेच जीव वाचला. पुलावर थांबूनही लाट ओसरली असती, हे त्याला कळायला तुम्ही वावच देत नाही. मग त्यांनी आमच्या घरातले ते वाक्यच उलटे केले. "बरे वाटले की जाईन असे म्हणू नका. जायला लागलात की बरे वाटेल, आणि तेही सावकाश."

औषधे सुरू झाली. त्यांचा गुण यायला काही आठवडे लागतात, हे आधीच सांगितलेले असल्याने मी धीर धरला. पुढे मी सवयींविषयी लिहिणार आहे, म्हणून इथेच स्पष्ट सांगते की त्या औषधांच्या आधारावरच मी त्या सवयींपर्यंत पोहोचले. ज्यांना तज्ज्ञांकडे जाणे आज शक्य होत नसेल, त्यांच्यासाठी ऑक्टोबर २०२२ पासून सरकारची टेलिमानस ही मोफत सेवा १४४१६ या क्रमांकावर चालू आहे आणि तिथे आपल्या भाषेत बोलता येते. मला ती सुरू होताच ठाऊक झाली असती, तर त्या वर्षातले शेवटचे काही महिने कदाचित वाचले असते.

पहिली सवय फक्त उठण्याची होती. रात्री झोप कधीही लागो, सकाळी साडेपाचला अंथरूण सोडायचे, एवढेच. रात्री तीनला डोळा लागलेला असताना साडेपाचला उठणे हा छळ वाटे, पण महिनाभरात रात्रीची झोप आपोआप अलीकडे सरकू लागली. चहा सहा कपांवरून दोनवर आणला, त्यातला दुसरा दुपारी तीनच्या आत. सासूबाईंना हे सर्वांत कठीण गेले, कारण सुनेला चहा न विचारता स्वतः घेणे त्यांच्या जिवावर येई. शेवटी त्यांनी स्वतःचाही चौथा कप सोडून दिला. मोबाइल रात्री स्वयंपाकघरात ठेवायचा, याविषयी सांगण्यासारखे फारसे नाही, तो ठेवला आणि फायदा झाला.

श्वासाविषयी मात्र थोडे सांगायला हवे. चार मोजेपर्यंत श्वास आत घ्यायचा आणि सहा मोजेपर्यंत सोडायचा, असे पाच मिनिटे, देवापुढे दिवा लावल्यानंतर. श्वास सोडताना हृदयाची गती किंचित मंदावते, म्हणून बाहेर जाणारा श्वास लांब ठेवायचा. सुरुवातीला मी हे घाबरल्यावरच करून पाहत असे आणि ते जमत नसे. अंगात धडधड सुरू झाल्यावर आकडेच आठवत नाहीत. रोज शांत वेळी केल्यावर चारेक महिन्यांनी असे झाले की धडधड सुरू होताच मी न ठरवताच लांब श्वास सोडू लागले.

चालणे मार्चमध्ये सुरू झाले. नियम असा होता की रोज दिव्याचा एक खांब पुढे जायचे. भीती वाटली तर वळायचे नाही, खांबाशी उभे राहून ती थोडी उतरेपर्यंत थांबायचे आणि मगच परतायचे. यात घाबरून परत न येणे महत्त्वाचे होते, अंतर किती झाले हे गौण होते. पहिल्या दिवशी मी गिरणीच्या पुढच्या खांबाशी अठरा मिनिटे उभी होते. गिरणीवाल्यांनी स्टूल आणून ठेवले आणि काही विचारले नाही. सासूबाई रोज निघताना म्हणत, "अगं, आज कुठवर?" मी खांब सांगे, आणि परत आल्यावर त्या तेवढाच विषय काढत, बाकी कसे वाटले, घाबरलीस का, असले काही नाही. त्यांचे हे न विचारणे मला फार मोलाचे वाटते.

एप्रिलमध्ये मी सुरसागरपर्यंत पोहोचले. तलावाला पूर्ण फेरी घालता यायला मे उजाडला. सुरसागरच्या काठावर संगीत महाविद्यालयाची इमारत आहे. सयाजीरावांनी १८८६ साली गवई मौलाबक्ष यांच्याकडे सोपवलेल्या गायनशाळेचे ते आजचे रूप. अकराच्या सुमारास भाजी घेऊन परतताना तिथून शिकाऊ मुलांचे आवाज येत. एकच पलटा, म्हणजे सुरांचा ठरावीक क्रम, तोच पुन्हा, तिथेच चुकणे, पुन्हा पहिल्यापासून. मी पिशवी कठड्यावर ठेवून ऐकत राही. त्या मुलांपैकी कोणी आधी गळा तयार होऊ दे, मग रियाज करू, असे म्हणत नसणार. आपल्या भाषेत या गोष्टीला इतका चांगला शब्द असताना मी वर्षभर बरे वाटण्याची वाट पाहिली, याचे मला तिथे उभ्या उभ्या फार वाईट वाटले. माझ्या वहीत त्या दिवसापासून खांबांच्या नोंदींवर मी "रियाज" असा मथळा घातला.

आमच्या भागाला मन शांत करण्याचा एक थोर इतिहास आहे आणि त्याने मला त्या दिवसांत काही काळ चकवले, म्हणून तोही सांगते. अरविंद घोष १८९३ ते १९०६ बडोद्यात नोकरीला होते. त्यांचे घर दांडिया बाजारातच आहे, आज त्याला अरविंद निवास म्हणतात. सुरतेच्या काँग्रेस अधिवेशनानंतर, जानेवारी १९०८ मध्ये, ते पुन्हा इथे आले आणि विष्णू भास्कर लेले या मराठी योग्यांबरोबर सरदार मजुमदारांच्या वाड्यातल्या वरच्या खोलीत ध्यानाला बसले. विचार बाहेरून येताना दिसतील, ते आत शिरण्यापूर्वीच दूर सारावेत, असे लेल्यांनी सांगितले आणि तीन दिवसांत अरविंदांचे मन पूर्ण निःशब्द झाले, असे त्यांनी स्वतःच पुढे सांगितले आहे. मीही अरविंद निवासात जाऊन बसले आणि विचार दूर सारू लागले. ते दुप्पट जोराने आले. तीन दिवसांचे पंधरा दिवस झाले आणि माझ्या चिंतांमध्ये आपल्याला ध्यानही जमत नाही या चिंतेची भर पडली. ती साधना असामान्य माणसाची होती आणि माझा प्रश्न एका घाबरलेल्या संसारी बाईचा होता, हे समजून घेऊन मी तिला मनोमन नमस्कार केला आणि बाजूला झाले. तिथे बसायला मी आजही जाते, पण विचारांना हाकलायला नाही.

माझ्या कामी आली ती काळजीची वही. दिवसभर जी जी काळजी मनात येईल ती एका शब्दात टिपून ठेवायची आणि तिला संध्याकाळी पाचची वेळ द्यायची. पाच वाजता अर्धा तास, गॅलरीतल्या खुर्चीत, वही उघडून फक्त काळजी करायची. झोपायच्या खोलीत मात्र करायची नाही. ही पद्धत थॉमस बोर्कोवेक या अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी १९८० च्या दशकात अभ्यासली होती, हे मला नंतर कळले. तेव्हा मला ती आमच्या जुन्या वाड्याच्या ओट्यासारखी वाटली. आलेल्याला हाकलून द्यायचे नाही, ओट्यावर बसवायचे आणि घरातली कामे आटोपली की बाहेर येऊन बोलायचे. संध्याकाळी वही उघडली की निम्मे शब्द कशाबद्दल होते तेच आठवत नसे. उरलेल्या निम्म्यांपैकी एखाददुसरा खरा निघे, जसे लेकीच्या शुल्काची तारीख, आणि मग उठून त्याचे काहीतरी करता येई.

एक शब्द मात्र वहीत वरचेवर येई: बाबा. माझे वडील एप्रिल २०२१ मध्ये, करोनाच्या दुसऱ्या लाटेत गेले. ते पुलापलीकडच्या एका रुग्णालयात होते. रात्रीची संचारबंदी असताना, डबा आणि औषधे घेऊन, ओस पडलेल्या पुलावरून मी अकरा रात्री गेले होते. त्याबद्दल मी जवळजवळ दोन वर्षे एक अक्षर बोलले नव्हते, कारण तेव्हा प्रत्येकाच्या घरी कोणीतरी गेलेले होते आणि आपलेच दुःख वेगळे काय सांगायचे, असे वाटे. पुलाच्या भीतीचे मूळ तिथेच आहे का, असे मी डॉक्टरांना विचारले. त्या म्हणाल्या, असेल, नसेलही, रडायला मात्र त्याची वाट पाहू नका. त्यानंतर बरेच दिवस पाच ते साडेपाच मी फक्त रडले. सासूबाई शेजारी बसून मटार सोलत.

कोठीच्या चौकात मी सप्टेंबरात पोहोचले आणि तिथे सात आठवडे अडकले. पुलावर नेहमीप्रमाणे खांब होतेच, पण खाली नदी होती. अखेर नोव्हेंबरातल्या एका सकाळी पुलावर दहा-बारा माणसे कठड्याला टेकून खाली बघत उभी दिसली. विश्वामित्रीत मगरी आहेत आणि उन्हे पडली की त्या काठच्या गाळावर येऊन पडतात, हे बडोद्यात कोणाला नवीन नाही, तरी लोक थांबतातच. मी त्यांच्या शेजारी जाऊन उभी राहिले. धडधड सुरू झाली, मुंग्या आल्या. शेजारच्या काकांनी बोटाने दाखवले, "जुओ, पेली मोटी." मी पाहिली. अख्खी मगर, जबडा उघडा टाकून निश्चल. तिला बघता बघता किती मिनिटे गेली मला माहीत नाही, पण लाट आली तशी गेली आणि मी तिथेच होते. मग मी पुढे चालू लागले आणि काळ्या घोड्याशी पोहोचल्यावर यजमानांना फोन केला. ते कमाटी बागेच्या फाटकापाशी आले आणि आम्ही दोघांनी समोरच्या गाडीवर, भर गर्दीत, सेव-उसळ खाल्ली. तिखट नेहमीपेक्षा जास्त होते. डोळ्यांतून पाणी येत होते आणि ते कशाचे होते, हे त्यांनीही विचारले नाही.

इथे गोष्ट संपली असती तर बरे झाले असते, पण तसे होत नाही. २०२४ च्या ऑगस्टमध्ये, जन्माष्टमीच्या सुमारास, विश्वामित्रीला पूर आला. काळ्या घोड्याजवळच्या पुलावरचे माप ३५ फुटांच्या वर गेले, कित्येक वस्त्या पाण्याखाली गेल्या आणि मगरी रस्त्यांवर आल्या. बडोद्यातल्याच अकोट्याला राहणारी माझी नणंद, तिचे यजमान, दोन मुले आणि तिचे सासरे आमच्याकडे आले. दोन खोल्यांत आठ माणसे. साडेपाचचे उठणे, वही, श्वास, चालणे, सगळे एका दिवसात बंद पडले, आणि चहा पुन्हा सहा कपांवर गेला. तीन आठवड्यांनी मंडळी घर साफ करून परतली, तेव्हा मी जिन्याच्या पहिल्या पायरीवर उभी होते आणि पाय उचलत नव्हता. सगळे पुसले गेले, आता पुन्हा गिरणीपासून सुरुवात, असे वाटून मी अंथरुणात जाऊन पडले.

त्या सुमारास लेकीने मला सवयींवरच्या एका अभ्यासाविषयी फोनवर वाचून दाखवले. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजातल्या फिलिपा लॅली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ९६ जणांना रोजची एकेक साधी सवय निवडायला सांगितली होती. ती अंगवळणी पडायला सरासरी ६६ दिवस लागले, पण कोणाला १८ पुरले आणि कोणासाठी हिशेब २५४ दिवसांवर गेला. मधला एखादा दिवस चुकल्याने फारसे काही बिघडले नाही. "आई, २५४," लेक म्हणाली, "आणि तू तीन आठवड्यांसाठी रडतेस." माझा खंड एका दिवसाचा नव्हता, तेव्हा तो अभ्यास मला तंतोतंत लागू नव्हता. तरीही दुसऱ्या दिवशी मी साडेपाचला उठले. गिरणी, सुरसागर, रावपुरा, कोठी. पहिल्या वेळी जिथे सात महिने लागले होते, तिथे नऊ दिवस लागले. पायांना रस्ता आठवत होता.

पुलाच्या काठांवर तेव्हा गाळ वाळत होता आणि झाडांच्या फांद्यांना उंचावर चिंध्या अडकल्या होत्या. मी तिथे बराच वेळ उभी राहिले. या वेळी मला पुलाची भीती वाटत नव्हती, नदीकाठच्या लोकांसाठी वाटत होती. ती भीती वाटायलाच हवी अशी होती, आणि दोन्हींतला फरक मला ओळखता आला.

नोकरी परत मिळाली नाही. खंडेराव मार्केटच्या आसपासच्या काही दुकानदारांचे हिशेब मी आता घरून लिहिते, पगार पूर्वीच्या निम्माही नाही. औषधाची मात्रा डॉक्टरांनी कमी करत आणली आहे, बंद केलेली नाही. धडधड अधूनमधून होते.

गेल्या वर्षापासून खांबांच्या जागी स्टेशने आली आहेत. लेक सुरतेला शिकते आणि तिची खोली मी अजून पाहिलेली नाही. आधी पंधरा दिवस नुसते प्लॅटफॉर्म तिकीट काढून बाकावर बसले. मग मेमूने, म्हणजे जवळच्या अंतराच्या लोकल गाडीने, विश्वामित्रीपर्यंत, म्हणजे फक्त पुढच्या स्टेशनापर्यंत, आणि रिक्षाने परत. मग मकरपुरा, वरणामा, इटोला, मियागाम करजण. प्रत्येक ठिकाणी उतरायचे, बाकावर बसून घरून आणलेला डबा खायचा, आणि परतीची गाडी येईल तेव्हाच निघायचे. करजणला मी चार वेळा गेले, कारण तिथली पहिली खेप वाईट गेली होती. भरूचला यजमान बरोबर आले, त्यापुढे मी एकटीच गेले.

रियाजाच्या वहीतली गेल्या गुरुवारची नोंद अशी आहे: "अंकलेश्वर. जाताना पालेजपर्यंत धडधड, मग कमी. नर्मदेच्या पुलावर शेजारच्या आजींनी रुपया टाकायला दिला, टाकला. पाणी भरपूर. अंकलेश्वरला डब्यात पोळी आणि भेंडी. परतीची गाडी चाळीस मिनिटे उशिरा, थांबले. आईंनी विचारले, आता कुठवर? कोसंबा म्हटले."